परसातील अनोळखी गड्डे : नाव देण्याची घाई नको

पहिला पाऊस पडून जमीन निवली की जुन्या घरांच्या परसात जागोजाग तांबूस, हिरवट, टोकदार कोंब वर येऊ लागतात. विहिरीच्या कडेला, मोरीच्या पाण्याच्या चरालगत, माडाच्या आळ्यात, गोठ्यामागील ओलसर आडोशाला ते कोणी व केव्हा लावले हे घरातील हयात माणसांना बहुधा सांगता येत नाही. लावणारी आजी किंवा काकू कधीच निघून गेलेली असते आणि तिच्याबरोबर त्या झाडाचे नाव, त्याचा उपयोग व क्वचित त्याविषयीची सावधगिरीची सूचना ही सर्वच गेलेली असतात. नोकरीनिमित्त शहरात आयुष्य घालवून गावी परतलेल्या कुटुंबांपुढे, तसेच जुने घर विकत घेणाऱ्यांपुढे हा प्रश्न हटकून उभा राहतो. हे कोंब कशाचे ? ठेवावेत की खणून टाकावेत ? ठेवावयाचे तर आहेत तेथेच, की दुसरीकडे हलवून ?

या प्रश्नाची दोन उत्तरे सर्रास दिली जातात व ती दोन्ही चुकीची आहेत. काही जण ओळख नाही म्हणून सरसकट खणून उकिरड्यावर टाकतात. दुसरे काही जण पान पाहताक्षणीच 'ही आंबेहळद', 'हा कचोरा' असे नाव ठोकून देतात आणि त्या नावाच्या भरवशावर गड्डा लोणच्यात, लेपात किंवा काढ्यात जातो. पहिल्या प्रकारात एखादा जुना, त्या मातीला सरावलेला वाण कायमचा नाहीसा होतो. दुसऱ्या प्रकारात प्रसंगी जिवावर बेतते. अनोळखी गड्डा निदान एक वर्ष, सर्व ऋतूंतून, नावाशिवाय पण नोंद ठेवून सांभाळणे हाच या बाबतीत शहाणपणाचा मार्ग होय. त्याला खर्च जवळजवळ नाही. लागतो तो केवळ धीर.

प्रथम जमिनीखाली जे सापडते ते नेमके काय आहे हे पाहिले पाहिजे. हळद, आले, कर्दळ, सोनटक्का, वेखंड यांचा जमिनीखालील भाग हा मूळ नसून खोड आहे. वनस्पतिशास्त्रात त्यास मूलक्षोड म्हणतात. त्यावर वळ्यांसारखी पेरे असतात, पेरांवर वाळक्या कागदी खवल्यांचे अवशेष असतात व खवल्याच्या कुशीत डोळा असतो. रताळ्यावर अशी पेरे दिसत नाहीत, कारण रताळे हे फुगलेले मूळ आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. हळदीच्या वर्गातील अनेक झाडांच्या मुळांच्या टोकांना लहान, पांढुरके, पाणीदार फुगवटे येतात. नवखा बागवान तेच बेणे समजून कौतुकाने लावतो आणि दोन महिने पाणी घालूनही काही उगवत नाही. त्या फुगवट्यांना डोळा नसतो, मग कोंब येणार कोठून ? म्हणून काही हलवावयाचे झाल्यास पेरे व डोळे असलेला भाग हाती आला आहे ना, याची खात्री आधी करून घ्यावी.

ओळख पटविण्याच्या कामी बहुतेकांची मदार पानावर असते, आणि याच वर्गात पान सर्वांत फसवे आहे. हळद, आंबेहळद, कचोरा, रानहळद, काळी हळद ही सर्व पावसाळ्यात दहा पावलांवरून एकसारखी दिसतात. जवळ जाऊन पाहिल्यास मात्र काही खुणा उपयोगी पडतात. कचोऱ्याच्या पानाच्या मध्यशिरेलगत वरच्या बाजूने जांभळट तपकिरी पट्टा असतो. पण तसा पट्टा काळ्या हळदीलाही असतो, म्हणून गड्डा कापून पाहिल्यावाचून निर्णय होत नाही. काळ्या हळदीचा गर निळसर काळा, तर कचोऱ्याचा फिकट पिवळा व कापरासारख्या वासाचा असतो. रानहळदीचे पान खालून बोट फिरविले असता मखमलीसारखे लागते. आंबेहळदीचा गड्डा मोडताच कैरीचा वास येतो व गर फिका असतो. नेहमीच्या हळदीचा गर नारिंगी पिवळा असून तिचा वास सांगावा लागत नाही. आल्याची पाने अरुंद व भाल्यासारखी असतात, त्यामुळे निदान तेथे तरी घोटाळा कमी होतो.

सोनटक्का आणि पेव यांची गल्लतही वारंवार होते. सोनटक्क्याची पाने खोडावर दोन बाजूंना, दोन रांगांत लागतात. पेवाची पाने मात्र चक्री जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोडाभोवती फिरत वर जातात. शिवाय पेवाच्या गड्ड्याला हळद-आल्यासारखा सुगंध नसतो. कर्दळीच्या गड्ड्यालाही तो नसतो, आणि पान जेथे खोडाला वेढते तेथे हळदीच्या कुळात आढळणारी पातळ जिभली कर्दळीत नसते. वेखंडाची गोष्ट निराळी. त्याचे पान तलवारीसारखे असून चुरडले असता उग्र व विशिष्ट वास येतो, आणि ते चिखलात आनंदाने वाढते. ज्या जागी हळद कुजून जाईल त्या जागी एखादे झुडूप वर्षानुवर्षे टवटवीत असेल, तर ती जागासुद्धा ओळखीची एक खूण मानावी.

इतके पाहूनही अखेरचा निवाडा फुलावरच अवलंबून असतो. नेहमीच्या हळदीचा फुलोरा पानांच्या मधून वर येतो. कचोरा व रानहळद यांचा फुलोरा पुष्कळदा पाने फुटण्यापूर्वीच, बाजूने, स्वतंत्र दांड्यावर जमिनीतून निघतो. भुईचाफ्याने तर कमालच केली आहे. भर उन्हाळ्यात, झाडाचे नामनिशाण नसताना, कोरड्या जमिनीतून फिकी जांभळट सुगंधी फुले उमलतात आणि ती संपल्यावर पाने येतात. जो माणूस हे झाड केवळ पावसाळ्यात पाहतो तो त्यास हळदीचाच एखादा प्रकार समजतो, आणि जो केवळ उन्हाळ्यात पाहतो त्यास त्याला पाने असतात हेही ठाऊक नसते. एका ऋतूतील एका भेटीवरून दिलेले नाव किती लंगडे असते हे यावरून ध्यानात यावे. हल्ली मोबाईलवर पानाचे छायाचित्र घेऊन क्षणात नाव मिळविण्याची सोय झाली आहे. सोय म्हणून ती वाईट नाही. परंतु छायाचित्राला वास नसतो, गराचा रंग नसतो, पानाच्या खालची मखमलही नसते, आणि या झाडांच्या बाबतीत नेमक्या याच गोष्टी निर्णायक ठरतात. अशा उत्तराला एक सूचना यापलीकडे किंमत देऊ नये.

नावांचा गोंधळ आजचा नाही. गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतातील औषधींवरील संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात कचोऱ्याच्या वर्गातील गड्ड्यांवर एक संवाद खर्ची पडला आहे. शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. महाबळेश्वर व कास येथील पठारांवर पावसाळ्यात दिसणारी चवर ही वनस्पती पूर्वी हळदीपासून वेगळ्या प्रजातीत घातली जात होती, आता ती हळदीच्याच प्रजातीत गणली जाते. बाजारातील 'आंबेहळद' हे नाव तर दोन वेगळ्या झाडांना चालते. एका घरात त्या नावाचा गड्डा लोणच्यात घालतात, दुसऱ्या घरात त्याच नावाचा गड्डा मुक्या मारावर उगाळून लावतात, आणि हे दोन गड्डे एकाच जातीचे असतीलच असे नाही. पहिल्या घरातून दुसऱ्या घरात बेणे गेले की नाव तेच राहते, वस्तू बदलते.

एवढ्यावरच थांबले असते तर हा प्रश्न लोणच्याच्या चवीपुरता राहिला असता. पण महाराष्ट्रातील कुंपणांत कळलावीही उगवते. पावसाळ्यात तिचा वेल चढतो, पानाच्या टोकाची तार होऊन ती आधाराला गुंडाळते, आणि पिवळ्या-तांबड्या ज्वाळेसारख्या फुलांमुळे ती कोणालाही ओळखता येते. पावसाळा संपताच वेल वाळून जातो व जमिनीखाली राहतो तो केवळ नांगराच्या आकाराचा, दोन फाट्यांचा, फिकट तपकिरी कंद. संस्कृतातील 'लांगली' हे नाव या आकारावरूनच आले आहे. हिवाळ्यात परस खणताना हा कंद हाती लागला तर तो एखाद्या कोनफळाचा किंवा रताळ्याचा तुकडा वाटू शकतो, आणि अशा गैरसमजुतीने तो खाल्ला जाऊन माणसे दगावल्याच्या घटना भारतात व श्रीलंकेत नोंदल्या गेल्या आहेत. त्यातील कोल्चिसिन हे विष शिजविल्याने जात नाही. खाल्ल्यावर काही तासांनी ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, पुढे रक्त व अंतर्गत अवयव यांवर परिणाम होतो. अशी शंका आली तर घरगुती उपायांत वेळ न घालविता रोग्यास, उरलेल्या कंदासह, तत्काळ रुग्णालयात न्यावे. कंद बरोबर नेण्याचे विसरू नये, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

म्हणून ओळख पटविण्यासाठी चव घेऊन पाहण्याची जी जुनी खोड आहे ती पूर्णपणे सोडून द्यावी. जिभेवर किंचित ठेवून थुंकून टाकले तर काय होते, असा युक्तिवाद ऐकू येतो. रानअळू व रानसुरण यांच्या सुईसारख्या स्फटिकांनी ज्यांची जीभ व घसा सुजला आहे, ते या युक्तिवादाचे उत्तर अधिक चांगले देऊ शकतील. वास घ्यावा, कापून पाहावे, हात धुवावेत, एवढे पुरे आहे. गड्डे कापण्याचा चाकूही स्वयंपाकघरातील नसावा.

आता हलविण्याविषयी. घराची दुरुस्ती, नवी पायवाट किंवा विहिरीचा कठडा अशा कारणाने गड्डे हलविणे भाग पडते, आणि नेमके त्याच वेळी झाड भर वाढीत असते. शक्य असेल तर काम लांबवावे. हळदीच्या वर्गातील झाडे पाने पिवळी पडून वाळली की विश्रांती घेतात. हळदीत ही वेळ साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात येते. तेव्हा कुदळीने गड्ड्यापासून वीतभर अंतर सोडून खणावे व सर्व गठ्ठा मातीसह उचलावा. माती हाताने झाडावी, पाण्याने धुऊ नये. जेठा गड्डा व त्याला फुटलेली हळकुंडे वेगळी करून सावलीत काही दिवस सुकवावीत आणि कोरड्या वाळूत किंवा मातीत थंड जागी ठेवावीत. अक्षय्य तृतीयेपासून पहिल्या पावसापर्यंत पुन्हा लावण्यास हरकत नाही. सांगलीकडील हळदकरी याच सुमारास लागणीस आरंभ करतात, त्यांचा अनुभव परसबागेलाही लागू आहे.

भर पावसाळ्यात हलविणे टळत नसेल तर मुळे शक्यतो न तोडता मातीच्या मोठ्या गोळ्यासह झाड उचलावे, पाने निम्म्याने छाटावीत आणि नवीन जागी आठवडाभर सावली करावी. त्या वर्षी फुलाची अपेक्षा धरू नये. कर्दळ व सोनटक्का यांना पाणी असल्यास पूर्ण विश्रांती नसते. ती पावसाच्या आरंभी हलविली म्हणजे चांगली लागतात. वेखंडाचे तुकडे चिखलात आडवे दाबावेत.

बेण्याचा तुकडा किती मोठा असावा याविषयी फार काथ्याकूट होतो. निदान दोन निरोगी डोळे असलेला, सुमारे 40 ते 50 ग्रॅम वजनाचा तुकडा बहुतेकांना पुरतो. कापल्यावर जखम सुकू द्यावी. राख लावण्याची रीत चांगलीच आहे. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिळाल्यास तीही चोळावी. दोन-तीन बोटे खोल, डोळा वर करून लावावे. पाणी साचते तेथे लावू नये, कारण हळद-आल्याचा खरा शत्रू दुष्काळ नसून साचलेले पाणी होय. कंदकूज एकदा शिरली की गड्डा हाताने दाबताच पिचकतो व दुर्गंधी येते. असा गड्डा खतात न टाकता जाळून नष्ट करावा.

अनोळखी गड्ड्यांच्या बाबतीत आणखी दोन पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले असे की सर्व झाडे एकाच वर्षी हलवू नयेत. निम्मी जुन्या जागी राहू द्यावीत. त्या झाडाला कोणती जागा मानवते हे अद्याप कोणालाच ठाऊक नसताना सारे बेणे एका जुगारात लावण्यात अर्थ नाही. दुसरे असे की हलविलेला भाग थेट वाफ्यात न लावता पहिल्या वर्षी मोठ्या कुंडीत, माती, कुजलेले शेणखत व वाळू यांच्या मिश्रणात लावावा आणि कुंडी विटांवर ठेवावी. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या झाडाच्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि मग वाफा लव्हाळ्याचाच होतो, हे अनेकांनी भोगले आहे. अनोळखी झाड स्वतःच तण निघण्याचाही संभव असतो. आपल्याकडे वेणीत माळला जाणारा सोनटक्का हवाई बेटांत व ब्राझीलमध्ये ओढ्याकाठची जमीन व्यापणारे तण ठरला आहे, यावरून गड्ड्याने पसरणाऱ्या झाडांची ताकद लक्षात येईल.

कुंडीवर पत्र्याची पट्टी लावून तीवर नाव नव्हे, तर क्रमांक लिहावा. वहीत त्या क्रमांकापुढे सापडल्याची तारीख, मूळ जागा, तेथील ओल व सावली, कोंब केव्हा आला, पानाच्या खुणा, गराचा रंग, वास, पाने केव्हा वाळली हे लिहीत जावे. काम क्षुल्लक वाटते. पण वर्षाअखेर ही अर्धे पान नोंद तज्ज्ञाच्या हाती दिली की ज्या झाडाविषयी तो दहा प्रश्न विचारणार होता त्यांतील आठ आधीच सुटलेले असतात. फूल येईल तेव्हा ते ताजे असतानाच छायाचित्र घ्यावे, कारण या कुळातील फुले नाजूक असून दाबून वाळविल्यावर त्यांचा आकार राहत नाही. पान व गड्ड्याची चकती मात्र वर्तमानपत्राच्या घडीत नीट वाळते. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र, कृषी महाविद्यालय किंवा जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग यांच्याकडे हे साहित्य न्यावे. त्यांनाही निर्णय करता आला नाही तर पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र व मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह येथील नमुन्यांशी ताडून पाहण्याचा मार्ग आहे.

तथापि सर्वच भार परसबागेच्या मालकावर टाकणे न्यायाचे होणार नाही. हळदीच्या सुधारित जातींचा प्रसार करण्यात कृषी खात्याने जे कष्ट घेतले, त्यांच्या दशांश कष्टही घरगुती गड्ड्यांची ओळख करून देण्यासाठी घेतलेले दिसत नाहीत. वायगावच्या हळदीला 2016 साली व सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची बाब खरीच. परंतु ज्यांचे नाव कोणत्याही बाजारात घेतले जात नाही असे वाण आजवर टिकले ते परसांतच, आणि एकेक जुने घर पाडले जाते तेव्हा त्यांतील काही वाण मुरमाच्या भरावाखाली जातात. प्रत्येक तालुक्याच्या बीजगुणन केंद्रात किंवा शासकीय रोपवाटिकेत एका गुंठ्यात हळद, आंबेहळद, कचोरा, रानहळद, सोनटक्का, पेव, कर्दळ, वेखंड, भुईचाफा व कुंपणाआड बंदिस्त कळलावी यांचा नावानिशी वाफा ठेवण्यास असा कितीसा खर्च येणार ? तेथे येणाऱ्या स्त्री-पुरुषांना पाने चुरडून वास घेता येईल, गड्डा कापून दाखविता येईल. जे दहा पत्रकांनी साधणार नाही ते अशा वाफ्याशी घालविलेल्या अर्ध्या तासाने साधेल. रोपवाटिकांतून व प्रदर्शनांतून 'औषधी हळद' अशा मोघम नावाने होणाऱ्या विक्रीलाही त्यामुळे काहीसा आळा बसेल.

तोवर बेणे देणाऱ्यांनी एक नियम स्वतःवर घालून घ्यावा. ज्याचे नाव खात्रीने ठाऊक नाही तो गड्डा देताना 'ओळख पटलेली नाही, खाऊ नये, लेपासही वापरू नये' असे कागदावर लिहून त्याबरोबर द्यावे. तोंडी सांगितलेले एका हातापुरते टिकते आणि गड्डा तर तीन-चार हातांतून जातो.

दोन वर्षे लोटूनही फूल आले नाही तर झाडाला दोष न देता जागा तपासावी. दाट सावलीत ही झाडे पाने भरपूर देतात व फुलण्याचे टाळतात. सकाळचे ऊन मिळेल अशा ठिकाणी कुंडी सरकवावी. आणि वैशाखात, पाने फुटण्यापूर्वी, कुंडीतील माती रोज एकदा पाहत जावी. काहींचा फुलोरा त्याच वेळी येतो, जमिनीलगत असतो, आणि पालापाचोळ्याखाली न दिसताच वाळून जातो.